जुने दिवे आणि काचेच्या शेड : आधी नावं शिका, मग पाकीट काढा

"पांढरी दुधी शेड आहे, चार इंची. पाठवू काय?" फोनवर विक्रेत्यानं विचारलं आणि मी लगेच "पाठवा की" म्हणून मोकळा झालो. तीन दिवसांनी एसटीच्या पार्सलमधून पेंढ्यात गुंडाळलेली शेड आली. एवढासा टवकाही नाही. दिव्यावर ठेवायला गेलो तर ती शेड धरायच्या कडीतून खाली घसरून थेट बर्नरवर, म्हणजे वात धरणाऱ्या भागावर टेकली. त्यानं मोजलं होतं शेडचं वरचं तोंड, जिथून ज्योतीभोवतीची उभी काच बाहेर डोकावते. मला हवा होता खालचा गळा, जो कडीत बसतो. गळा निघाला सव्वातीन इंच. तो खोटं बोलला नव्हता आणि मीही चुकीचं मागितलं नव्हतं. चार इंच कुठले, हे दोघांपैकी कुणीच बोललं नव्हतं, एवढंच.

या छंदात नाव म्हणजे पट्टी कुठं लावायची ती जागा. म्हणून मी शब्द पाठ करत बसत नाही, दिवा खालून वर हाताळत शिकतो. तुम्हीही तसंच करा.

पहिली अडचण : चिमणी

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात हा गोंधळ दुप्पट आहे, कारण घर मराठी आणि बाजार निम्मा कानडी. शहापूरच्या एका वाड्यात आज्जींनी माळ्यावरून पितळी टेबल लॅम्प काढून दिला. मी विचारलं, "आज्जी, ह्याची चिमणी कुठं आहे ओ?" त्या आत गेल्या आणि पत्र्याची, वात बाहेर आलेली, काळीकुट्ट ढणढणी घेऊन आल्या. "ही बघ चिमणी. हिला काय करतोस रे?" त्यांचं बरोबर होतं. मराठी घरात चिमणी म्हणजे बिनकाचेचा छोटा पत्र्याचा दिवा. त्याच गल्लीत कानडी दुकानदाराला चिमणी म्हटलं तर त्याच्या डोक्यात रॉकेल येतं, कारण इकडच्या कानडीत रॉकेलला 'चिमणी एण्णी' म्हणतात. आणि संग्राहकाची चिमणी म्हणजे ज्योतीभोवतीची उभी, दोन्ही टोकांना उघडी काचेची नळी.

तेव्हा मराठीत 'दिव्याची उभी काच' म्हणा आणि कानडीत 'गाजिन चिमणी'. कंदिलाच्या गोलसर काचेला मात्र नुसतं 'कंदिलाची काच' म्हटलं की दोन्हीकडे कळतं.

खालून वर

आधी बैठक. पितळी, ओतीव लोखंडी, चिनी मातीची, दगडी, कशीही असो, उलटी करून तळ बघा. पितळी बैठकीत वजनासाठी प्लास्टर किंवा शिसं भरलेलं असतं. खाली नवं लोकरी कापड चिकटवलेलं दिसलं तर ते काय झाकतंय, हे आधी विचारा. बरेचदा त्याखाली वायर बाहेर काढायला पाडलेलं भोक असतं.

मग टाकी, म्हणजे तेलाचं भांडं. ती काचेची असो की पितळेची, बैठकीला पक्की आहे की बाहेरच्या फुलदाणीसारख्या भांड्यातून अलगद उचलून निघते, हे बघायचं. निघणारी टाकी 'ड्रॉप-इन'. असा दिवा घेताना टाकी काढून तिच्या बुडाला विजेसाठी भोक पाडलंय का ते तपासा. विजेचा दिवा आला तेव्हा घरोघरी ही भोकं पडली. त्यात गैर काही नव्हतं, पण आज भोकाची टाकी आणि अखंड टाकी यांच्या किमतीत मोठा फरक पडतो.

टाकीच्या तोंडावर पितळी कडं असतं, त्याला कॉलर म्हणतात. काचेच्या टाकीवर ते प्लास्टर ऑफ पॅरिसनं बसवलेलं असतं आणि वर्षानुवर्षं रॉकेल पिऊन ते प्लास्टर भुसभुशीत होतं. जुना दिवा बर्नरला धरून उचलू नका, हा नियम त्यामुळे आहे. कडं हातात राहतं, टाकी पायावर पडते. कॉलरला आटे आहेत की खाच, तेही नोंदवा. इंग्लिश डुप्लेक्स, म्हणजे दोन वातींच्या दिव्यांना बहुधा खाचेत अडकवून फिरवायचा बर्नर येतो, म्हणजे बल्बच्या होल्डरसारखा. अमेरिकन दिव्यांना आटे असतात आणि त्यांची मापं ठरलेली : एक नंबरच्या बर्नरला पाऊण इंचाहून किंचित मोठं म्हणजे ७/८ इंच, दोन नंबरला सव्वा इंच, तीन नंबरला पावणेदोन इंच. दोन नंबरच्या बर्नरमध्ये एक इंच रुंदीची वात जाते, एक नंबरमध्ये ५/८ इंचाची. वात मागायला गेलात की 'नंबर' आणि 'रुंदी' दोन्ही सांगा.

बर्नर : इथं जरा थांबा

दिव्याची खरी ओळख बर्नरमध्ये असते. शेड फुटते, चिमणी बदलते, बैठकीवर रंग चढतो, पण बर्नर कुठल्या जातीचा, हे कळलं की चिमणी कुठली आणि शेड किती गळ्याची, ही उत्तरं आपोआप मिळतात.

सगळ्यात साधा, एका चपट्या वातीचा. दुसरा डुप्लेक्स : शेजारी शेजारी दोन चपट्या वाती, दोन स्वतंत्र कळा. हा बर्मिंगहॅमच्या हिंक्स कारखान्यानं १८६५ च्या सुमारास काढला आणि इंग्रजांच्या बंगल्यांतून सगळीकडे पसरला. बेळगावच्या कॅम्पासारख्या लष्करी वसाहतींत तो मिळणं साहजिक आहे. वाती चढवायच्या दोन कळांशिवाय बाजूला आणखी एक दांडी असली, तर ती दिवा मालवायची. ती दाबली की पत्र्याच्या झडपा वर येऊन दोन्ही ज्योती झाकतात. फुंकर मारावी लागत नाही. ती दांडी चालू आहे का, एवढं बघितलं तरी विकणाऱ्याला कळतं की गिऱ्हाईक नवखं नाही.

तिसरा गोल वातीचा. मूळ कल्पना स्विस संशोधक आर्गांची, १७८० च्या दशकातली : वात नळीसारखी केली की हवा ज्योतीला बाहेरून आणि आतूनही मिळते, काजळी घटते, उजेड वाढतो. पुढं बर्लिनच्या वाइल्ड आणि वेसल यांचा कॉसमॉस बर्नर आला. त्यात वात खालून चपटी शिरते आणि वर जाता जाता गोल होते. मॅटाडोर जातीच्या बर्नरमध्ये मधोमध खिळ्यावर चकती बसवलेली असते, ज्योत तिला आपटून बाहेर पसरते.

जर्मन बर्नरवर आकडा आणि त्याच्या डोक्यावर तीन बारीक तिरक्या रेघा दिसल्या, तर ते माप 'लीन'मध्ये आहे. हे फ्रेंच माप, एक लीन म्हणजे साधारण सव्वादोन मिलिमीटर. 'चौदा लीन कॉसमॉस' हे पुरेसं नाव आहे, एवढं सांगितलं की योग्य काच शोधता येते.

वात चढवायच्या कळीची चकती चष्मा लावून वाचा. पुष्कळ कारखाने आपलं नाव किंवा खूण तिथंच ठोकत. मात्र चकती दिव्याचं वय सांगेलच असं धरून चालू नका. बर्नर बदललेला असू शकतो.

चिमणी आणि तिची चूक

बर्नरच्या वर चिमणी धरायला पाकळ्यांचं कडं असतं, त्याला गॅलरी म्हणतात. चिमणीचं माप गॅलरीत बसणाऱ्या तळाच्या बाहेरच्या व्यासाचं. उंची दुय्यम. दोन नंबर अमेरिकन बर्नरला तीन इंच तळाची काच लागते, डुप्लेक्सला साधारण अडीच इंच.

माप जुळलं म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. डुप्लेक्सच्या चिमणीचं पोट लांबट फुगीर असतं, कारण आत दोन रुंद ज्योती असतात. कॉसमॉसची चिमणी सरळ नळी, पण ज्योतीच्या जरा वर आवळलेली, कमरेसारखी. मॅटाडोरला चकतीनं पसरलेल्या ज्योतीला जागा म्हणून गोल पोट. एकाची काच दुसऱ्यावर चढवली तर दिवा लागेल, पण धूर करील आणि आपण दोष देत बसू रॉकेलला.

शेड : मोजायचं कुठं

शेडचं नाव तिच्या गळ्यावरून ठरतं. गळा म्हणजे खालची ओठासारखी कड, जी कडीत बसते आणि तीन स्क्रूंनी धरली जाते. नेहमी गळ्याचा बाहेरचा व्यास सांगा. सगळ्यात जास्त दिसणारी मापं तीन : सव्वादोन, सव्वातीन आणि चार इंच. सव्वादोन इंची गळा बहुधा विजेच्या दिव्यांचा. मोठ्या रॉकेलच्या दिव्यांच्या गोल शेड बहुधा चार इंची.

गळा गोल असल्यानं पट्टी आडवी धरून फसगत होते. कॅलिपर नसेल तर शिंप्याची टेप गळ्याभोवती फिरवा आणि आलेल्या आकड्याला ३.१४ नं भागा. घेर साडेबारा इंचाहून किंचित जास्त आला तर व्यास चार. मिलिमीटरमध्ये तोच १०१.६. मी आता मागवताना चार आकडे मागतो : गळा, पोट, वरचं तोंड, उंची. शिवाय गळ्याला टेप लावलेला फोटो. विकणारा फोटो पाठवायला टाळाटाळ करत असेल तर मीही पैसे पाठवायला टाळाटाळ करतो.

कडीचे स्क्रू घट्ट आवळायचे नाहीत. काच तापली की फुगते. बोटानं टेकेपर्यंत फिरवा आणि मग अर्धा वळसा मागं घ्या. शेड किंचित हलली तरी चालते. जुन्या शेडच्या गळ्याचे निम्मे टवके आवळण्यातूनच पडलेले असतात.

काच कुठली : काठ वाचायचा

रंगावरून काच ओळखता येते, असं वाटतं आणि तिथंच फसवणूक होते. काच काठावरून वाचायची.

शेड उजेडाकडे धरून तिचा काठ बघा. आरपार एकाच रंगाचा असेल तर काच मूळची रंगीत. काठावर पांढरा आणि हिरवा असे दोन जाड थर वेगळे दिसले तर ती 'केस्ड', म्हणजे दोन काचा गरम असतानाच एकात एक चढवलेल्या. वकिलांच्या टेबलावरची ती हिरवी, आतून पांढरी शेड आठवते? ती केस्ड काच. अमेरिकेत १९०९ मध्ये पेटंट घेतलेल्या एमरलाइट दिव्यानं ती प्रसिद्ध केली. पांढरा थर उजेड खाली फेकतो, हिरवा थर डोळ्यांना सुसह्य करतो. कुणी 'हिरवी दुधी' म्हणालं तरी तुम्ही वहीत 'केस्ड' लिहा.

रंग फक्त वरच्या कागदाएवढ्या पातळ थरात असेल तर ती 'फ्लॅश्ड'. कोपऱ्यावर कुठं चरा गेला की खालून बिनरंगी काच चमकते. ही काच कापून नक्षी काढली की रंगीत अंगावर बिनरंगी फुलं उमटतात. नक्षी कापीव आहे की आम्लानं खाल्लेली, हे नखानं कळतं : कापलेल्या रेघेला काठ आणि खोली लागते, आम्लाची रेघ नखाला जवळजवळ लागतच नाही, नुसता मंद खडबडीतपणा. आम्लानं सगळीच शेड मंद केली की ती 'सॅटिन' किंवा 'फ्रॉस्टेड'.

दुधी काचेतही दोन जाती. एक चिनी मातीच्या बशीसारखी, उजेड अडवणारी. दुसरी ओपलाइन, जी उजेडापुढं धरली की कडेला लालसर-सोनेरी झाक दाखवते. बाजारात दोन्हींना 'दुधी'च म्हणतात. भाव वेगळा.

गुलाबीसर लाल क्रॅनबेरी काच सोन्याच्या क्षारामुळे तसा रंग घेते, म्हणून ती पूर्वीपासून महाग. पिवळट हिरवी युरेनियमची काच अतिनील टॉर्चखाली झगझगीत हिरवी पेटते. बोहेमियातल्या योसेफ रीडेलनं १८३० च्या दशकापासून अशी काच बनवली आणि तिला बायकोच्या नावावरून नाव दिलं, अ‍ॅना पिवळी, अ‍ॅना हिरवी. मँगेनीज असलेली काचही टॉर्चखाली हिरवट दिसते, पण मंद. थोडंसं हिरवं दिसलं की 'युरेनियम' म्हणून दुप्पट भाव सांगणारे भेटतील. शंका असली तर खात्रीच्या युरेनियमच्या काचेशेजारी धरून बघा.

तळाशी किंवा गळ्यात फुटीचा खडबडीत वळ असेल तर तो पाँटिल, हातानं फुगवलेल्या काचेवरची सळईची खूण. साच्यातल्या काचेवर उभी शिवण सापडते. शिवण असली म्हणून माल नवा ठरत नाही. साचे जुनेच आहेत.

हंड्या आणि झुंबरं

इथं शब्द आपलेच आहेत. देवळांत आणि वाड्यांत तीन साखळ्यांवर लटकणारा काचेचा घट म्हणजे हंडी. इंग्रज विक्रेते आजही त्याला आपल्याच शब्दानं 'हंडी' म्हणतात, फक्त उच्चार वाकडा करून. आत तेलपाण्याचा प्याला असे, पाण्यावर तेल आणि त्यात तरंगती वात. वर छताजवळ उलट्या झाकणासारखी काचेची टोपी, छत काळं होऊ नये म्हणून. टोपी नसलेली हंडी अपुरी धरा. टोप्या आधी फुटतात.

हंडीचं माप ओठाखालच्या खोबणीचं घ्या, कारण पितळी कडं तिथं बसतं. फिरोजाबादहून येणाऱ्या नव्या हंड्या सुबक असतात, वाईट नसतात. फक्त त्या जुन्या म्हणून घेऊ नका. कड्याची पितळ एकसारखी कृत्रिम तपकिरी असेल आणि साखळीच्या कड्या जिथं एकमेकींवर घासतात तिथं झीज नसेल, तर टांगून वर्ष झालेलं नाही.

झुंबराच्या लटकत्या तुकड्यांना लोलक म्हणायचं. लोलक मोजा, पिना बघा. जुन्या पितळी पिनांत मध्येच चकचकीत तारा दिसल्या तर तेवढे लोलक नंतरचे. मेणबत्तीच्या उभ्या दिव्याला शमादान, भिंतीवरच्याला दिवालगीर. हे शब्द जुन्या वाड्यांच्या याद्यांत भेटतात आणि वापरायला अजून उत्तम आहेत.

कंदील आणि गॅसबत्ती

कंदिलात एकच भेद पाठ करा. दोन्ही बाजूंच्या नळ्या वर जाऊन काचेवरच्या पत्र्याच्या टोपीतच मिळत असतील तर 'हॉट ब्लास्ट' : वर आलेली गरम हवाच परत खाली जाते. नळ्या धुराच्या नळकांड्याभोवतीच्या वेगळ्या डब्यात मिळत असतील तर 'कोल्ड ब्लास्ट' : ताजी हवा खाली जाते, उजेड जास्त पांढरा. दोन्ही रचना अमेरिकेतल्या जॉन अर्विनच्या, १८६० आणि ७० च्या दशकांतल्या. डिट्झ कंपनीनं त्या जगभर नेल्या. आपल्याकडचा अभिमानाचा कंदील 'प्रभात', कराडजवळच्या ओगलेवाडीच्या ओगले काच कारखान्याचा. प्रभात घेताना काच आणि पत्रा दोन्हींवर नाव आहे का बघा. पत्रा प्रभातचा आणि काच भलतीच, असे पुष्कळ मिळतात.

कंदिलावरची पेटंटची तारीख म्हणजे कंदील बनल्याची तारीख नव्हे. तीच तारीख पुढं कित्येक वर्षं ठोकत राहिले.

वरातीतली गॅसबत्ती म्हणजे बहुतेकदा पेट्रोमॅक्स, बर्लिनच्या एरिख अँड ग्रेट्झचा. तिच्या जुन्या मेंटलमध्ये, म्हणजे उजेड देणाऱ्या जाळीत, थोरियम हे किरणोत्सारी द्रव्य असतं. ती राख फुंकून उडवू नका, ओल्या कापडानं टिपा.

तारीख सांगणाऱ्या खुणा

'मेड इन' हे ब्रिटनमध्ये १८८७ च्या आणि इथं १८८९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानंतर जास्त दिसू लागलं. चेकोस्लोव्हाकिया लिहिलेलं असेल तर १९१८ नंतरचं. वेस्ट जर्मनी असेल तर १९४९ ते १९९०. देशाचं नावच नसेल तर त्यावरून काही ठरवू नका.

आणि एक कायद्याची गोष्ट, कारण आपल्या भागातली माणसं परदेशात पुष्कळ आहेत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू येऊ शकतात आणि अशा वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. मुलाला लंडनला हंडी पाठवायची असेल तर आधी पुरातत्त्व खात्याला विचारा.

दोष सांगायचे शब्द

'चांगल्या कंडिशनमध्ये' हा शब्द वहीतून काढून टाका. टवका, चरा, केसाएवढा तडा, घासलेला काठ, भोक, जोडलेला. एवढे सहा पुरतात. तडा ऐकू येतो : शेड बोटावर सैल धरून नखानं टिचकी मारा. अखंड काच टणकन वाजते, तडकलेली दबून टप्प करते. घासलेला काठ म्हणजे टवके लपवायला कड उतरवलेली. अशा शेडची उंची जोडीतल्या दुसरीपेक्षा कमी भरते. 'जोडलेला' म्हणजे एका दिव्याची बैठक, दुसऱ्याची टाकी, तिसऱ्याचा बर्नर. तो वाईट असतोच असं नाही, माझ्याकडे दोन आहेत. किंमत मात्र तशी द्यायची.

वही साधी शंभर पानी. प्रत्येक वस्तूला एक नोंद, आणि नोंद घेतल्याशिवाय वस्तू कपाटात जात नाही. माझी पहिली पूर्ण नोंद अशी आहे :

क्र. १. शेड, दुधी, ओपलाइन, फुगवून केलेली, शिवण नाही. गळा बाहेरून ३ १/४ इंच, वरचं तोंड ४ इंच. टवका नाही, तडा नाही. एसटी पार्सलनं आली. दिवा : अजून मिळालेला नाही.